चिंधीचा वाटा

चिंधीच्या नाकापुढे गल्लीतल्या एकाही बाईचं झाकलं राहत नसे. पोर सहा वर्षांची, चण बोटभर. पण कुणाच्या घरी भाकरी करपली, कुणी शेजारणीला पत्ता लागू न देता तीळ भाजले, कुणाचं तूप खवट झालं, हे ओट्यावर बसल्या बसल्या सांगायची, आणि तेही मोठ्याने. 'हे नाक सासरी नेऊ नको गं बाई, दुसऱ्या दिवशी परत धाडतील,' असं बायका म्हणायच्या. तिची आई सुंदरबाई वरवर डोळे वटारायची आणि आतल्या आत फुलायची.

गुलाबाईच्या महिन्यात तर या नाकाला फारच भाव यायचा. भादव्याच्या पुनवेला मुली मातीची गुलाबाई आणि तिचा नवरा गुलोजी मांडायच्या आणि कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला एकेकीच्या घरी जमून गाणी म्हणायच्या. गाणी संपली की त्या घरची आई झाकणाचा डबा आणून मध्ये ठेवी. डब्यात खाऊ असे, पण तो फुकट मिळत नसे. डबा हलवायचा, कानाला लावायचा, झाकणाच्या फटीशी नाक न्यायचं आणि आत काय आहे ते ओळखायचं. नाव घेतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा एक नियम. दुसरा नियम असा की जी मुलगी आली नसेल तिचा वाटा तिच्या घरी पोचलाच पाहिजे. गुलाबाईचा खाऊ तो. कुणाचा बुडवला तर घराला दोष लागतो. गावात विहिरीच्या पाण्यापासून बांधाच्या दगडापर्यंत सगळ्यावर भांडणं व्हायची, पण या दोन नियमांवर कधी कुणी तोंड उघडलं नव्हतं.

मुली ओळखू नयेत म्हणून आया नाना लबाड्या करत. कुणी शेंगदाणे फडक्यात बांधून ठेवी म्हणजे वाजू नयेत. कुणी काकडीच्या फोडींबरोबर मुद्दाम एक खडा टाकी. चिंधी डबा हातात घ्यायची, डोळे मिटायची, एकदाच हुंगायची आणि म्हणायची, "काकडी शे. आन मीठ जास्ती पडेल शे." डबा उघडला की हसून हसून मुली लोळायच्या. घरची आई मात्र जरा घुश्श्यातच वाटे करायला बसायची.

ही पोर सुंदरबाईने फार महाग मिळवली होती. आधीची दोन मुलं पाळण्यातून थेट गिरणा नदीच्या वाळूत गेली. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा सुइणीने ती सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि सुंदरबाईने एक फाटकी चिंधी टाकून ती परत घेतली. तिकडे वर जो कोणी बघत असेल त्याला वाटावं, हिची किंमत एवढीच, हिला काय न्यायचं. म्हणून नाव चिंधी. काजळाची तीट रोज, आणि कौतुक कधी चारचौघांत नाही. सहा वर्षं ही फसवणूक बिनबोभाट चालली होती.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याला येऊन थांबली आणि तिथेच वाळली. कपाशीला बोंडं आली ती सुपारीएवढी. साहेबाची लढाई संपत आली आहे असं लोक म्हणत होते, पण लढाईवरून परतलेल्यांबरोबर मुंबईला एक ताप उतरला, मुंबईहून आगगाडीत बसला आणि चाळीसगावला आला. तिथून बैलगाडीच्या अर्ध्या दिवसाच्या वाटेवर हे गिरणेकाठचं गाव. तापाला ती वाट काही लांब नव्हती. सकाळी मान दुखते म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी तिरडीवर असे. लोकांनी त्याला मानमोडी असं नाव दिलं. नाव देता आलं, दुसरं काही करता आलं नाही.

गुलाबाई बसून आठवडा झाला नसेल, तोच ठगू गेली. ठगू म्हणजे शेजारच्या बेबाबाईची एकुलती एक, चिंधीची जिवाभावाची. सुंदरबाईला ही बातमी विहिरीवर कळली. तिने घागर तशीच अर्धी उचलली, घरी आली, चिंधीला ओट्यावरून आत ओढली आणि दाराला कडी घातली.

"आजपासून तू घरमाच खेळशी. बाहेर पाय ठेवना तर पाय मोडी टाकसु."

"आन गुलाबाई?"

"गुलाबाई आपला घरमाच शे ना? आठेच गाणं म्हनू."

"आन ठगू?"

सुंदरबाई चुलीकडे वळली. "तिले ताप शे. कोजागिरीले यी."

खोटं बोलणं तिला अवघड गेलं नाही. सहा वर्षं ती यमाशी खोटं बोलत आली होती; पोरीशी बोलायला काय लागतं?

पण पोराला घरात कोंडणं म्हणजे पाणी ओंजळीत धरण्यासारखं काम. तेव्हा सुंदरबाईने घरातच सगळा मोसम आणायचं ठरवलं. पोळ्याच्या बैलांची उरलेली माती कोपऱ्यात होती. तिच्यात मूठभर कापूस पिंजून घातला, पाणी शिंपडलं आणि दोघी मळायला बसल्या. कापूस घातलेली माती तडकत नाही, हे चिंधीला आईनेच गुलाबाई घडवताना शिकवलं होतं, आणि आता चिंधी तेच आईला शिकवत होती. बोटांमधून माती पिळून बाहेर आली की ती खिदळायची. मातीची पोळपाट-लाटणी झाली, जातं झालं, ठगूसाठी एक बैल झाला. त्याला गुलाबाईसारखेच गुंजांचे डोळे लावले. गेल्या वर्षीच्या ज्वारीची चिपाडं होती, ती सोलून आतल्या भेंडाच्या गाड्या केल्या, चष्मे केले. चष्मा लावून चिंधी तलाठ्यासारखी घरभर फिरली आणि उतरंडीला ओरडून आली. हळदीच्या पाण्यात चुन्याची कणी टाकली की पाणी लाल होतं, ते तर तिने इतक्यांदा करून पाहिलं की घरातली हळद संपत आली. आणि सगळ्यात लाडका खेळ बटव्याचा. जुन्या बटव्यात सरकी, चिंचोके, सागरगोटे, कवड्या, मक्याचे दाणे असं काय काय भरायचं, डोळे मिटून हात घालायचा आणि बोटांनी ओळखायचं. चिंधीची बोटंही तिच्या नाकाचीच भावंडं होती.

संध्याकाळी सुंदरबाई एकटीच सगळ्या मुली व्हायची. एक ओळ ठगूच्या घोगऱ्या आवाजात, एक गल्लीतल्याच बनीच्या चिरक्या आवाजात. चिंधी पोट धरून हसायची. बाहेर गल्लीतून तिरड्या जात तेव्हा सुंदरबाई टाळ्या जोरात वाजवी आणि गाणं चढ्या आवाजात म्हणे. देवाला हे गाणं ऐकू जात असेल तर त्याला काय वाटत असेल, याचा विचार तिने केला नाही. करून उपयोग काय होता?

अशातच एक दिवस दुपारी जीवराम आला. हा सुंदरबाईचा नवरा. चाळीसगावच्या स्टेशनात इंजिनाला कोळसा भरायच्या कामावर होता आणि सवड मिळेल तसा घरी यायचा. हातात लेकीसाठी आणलेली पत्र्याची शिटी होती. सुंदरबाईने त्याला पाहिलं आणि ती दारात आडवी उभी राहिली.

"तुम्ही तठेच थांबा. उंबरा वलांडू नका."

"मी धडधाकट शे. देख ना."

"स्टेशनमा रोज मानसं मरी रायनात. तुम्ही मांगे फिरा."

"पोरले एकडाव देखू दे तरी."

"देखा. तठूनच देखा."

तिने चिंधीला मागे, चुलीपाशी उभी केली. बापाने उन्हातून आतल्या अंधारात पाहिलं. त्याला कितीसं दिसलं असेल कोण जाणे. चिंधीने चिपाडाचा चष्मा लावून दाखवला. जीवराम हसला, शिटी ओट्यावर ठेवली, आणि आला तसा चालू लागला. तो वळणाआड गेल्यावर सुंदरबाईने शिटी चिमट्याने उचलली, उकळत्या पाण्यात टाकली आणि मगच पोरीला दिली. इतकी ती कडक होती. नवऱ्याला तिने पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण तिने ते गिळलं.

मग ताप घरात आला कसा? तो डब्यातून आला.

दाराला कडी घातली त्या पहिल्याच संध्याकाळी चिंधीने खाऊ ओळखला, सुंदरबाईने डबा उघडला, आणि पोरीने फुटाण्यांचे वाटे मांडले. एक आपला, एक गुलाबाईचा, एक ठगूचा, एक बनीचा, आणखी दोघी-तिघींचे.

"ठगूना वाटा कोन लई जाई? तिले ताप शे. ती वाट देखत व्हई."

"सकाय देसु."

"आजच दिना पाहिजे! तूच सांगं व्हतं ना?"

सांगितलं होतं खरं. सुंदरबाईला वाटलं, बाहेर जाऊन वाटे गोठ्यात टाकावेत आणि परत यावं. ती गोठ्यापर्यंत गेलीही. पण हात उघडेना. गुलाबाईचा खाऊ शेणात टाकायचा, आणि तो अशा दिवसांत, जेव्हा गावात एकेक घर देवीच्या हातापाया पडून जगत होतं? दुसऱ्या कुणाचा वाटा बुडवला तर दोष आपल्या घराला, आणि आपल्या घरात एकच जीव. ती तशीच पुढे बेबाबाईच्या दाराशी गेली. जीवराम पुढे उंबऱ्याबाहेर राहिला तो स्टेशनातून आला म्हणून. पण वाटा देवापुढून निघत होता. देवाच्या कामाला जाताना कसली बाधा? देवाच्या प्रसादातून कधी कुणाला रोग आल्याचं तिने सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं.

बेबाबाई काळोखात भिंतीला टेकून बसली होती. समोर ठगूची इवलीशी गुलाबाई तशीच, वाळलेल्या झेंडूंत.

"ठगूना वाटा. चिंधीनी धाडेल शे," सुंदरबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला आपलीच लाज वाटली.

बेबाबाईने हात पुढे केला. फुटाणे घेतले, बराच वेळ मुठीत धरले, मग गुलाबाईपुढे ठेवले. नंतर खोकत खोकत म्हणाली, "रोज येत जाय, बहिन. तू उनी म्हनजे माले वाटस, मनी पोर आजून घरमाच शे."

अशा बाईला नाही कोण म्हणेल? सुंदरबाई रोज गेली. ठगूसाठी चिंधीने केलेला मातीचा बैल गेला, चिपाडाची गाडी गेली. सुंदरबाई जराशी टेकायची, बेबाबाईच्या तोंडात पाणी घालायची, निघायची. मग बनीच्या घरी. बनी तापात आणि तिची आईही तापाने पडलेली, तेव्हा बनीच्या नाकातोंडातून आलेलं पुसायलाही कुणी नव्हतं. सुंदरबाईने ते आपल्या पदराने पुसलं. त्याच पदराने घरी येऊन चिंधीचे मातीचे हात पुसले. पदराला असं किती लक्षात ठेवायचं असतं?

दोन दिवस सुंदरबाईचं अंग मोडून येत होतं. बाईमाणसाचं अंग मोडायचंच, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. तिसऱ्या सकाळी तव्यावरची भाकरी काळी झालेली तिला दिसली तेव्हा कळली. नवल म्हणजे चिंधीनेही काही सांगितलं नाही. एरवी तिने अर्धं गाव उठवलं असतं.

त्या संध्याकाळी सुंदरबाईने घरातला शेवटचा गूळ काढला. त्याचा पाक केला, त्यात भाजलेले तीळ आणि सुंठ घातली आणि डब्याच्या तळाशीच थापून टाकलं. घट्ट बसल्यावर हलवलं तरी आवाज येणार नाही. नुसत्या वासावर ओळखायचं. तिला वाटलं, आज पोर हुरळून जाईल.

दोघींनी गाणी म्हटली. चिंधीचा आवाज जरा बसका होता. तिने डबा उचलला, हलवला, कानाला लावला. मग डोळे मिटून नाक फटीशी नेलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि डबा खाली ठेवला.

"डबामा काहीच नही, माय."

"नीट देख."

"नही ना. रिकामा शे. माले फसवू नको."

सुंदरबाई हसली आणि डबा आपल्या नाकाशी नेला. तीळ, गूळ, सुंठ. वास ओट्यापर्यंत जायला हवा होता. तिला काहीच आलं नाही. तिने झाकण थोडं उचललं, नाक आत घातलं, तरी काही नाही.

मग तिला सकाळची भाकरी आठवली. मग बनीचं तोंड आणि आपला पदर. मांडीवर पदर पडलेला होता. तिने तो साप झटकावा तसा झटकला, आणि पुढे होऊन चिंधीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं होतं.

त्यानंतरचं सांगण्यात काय अर्थ आहे? तुळशीचा काढा झाला, लिंबाचा पाला झाला, नवस झाले. सुंदरबाईने उंबऱ्याबाहेर सूप ठेवून पोर पुन्हा एकदा चिंधी टाकून विकत घेतली. वर जो बघत होता त्याला आता किंमत कळून चुकली होती. ती स्वतः खोकत होती, पण तिचा ताप तिच्या अंगात मुक्काम करायला तयार नव्हता. हिला काय न्यायचं, हे तिच्याच बाबतीत खरं झालं.

चिंधी निपचित पडून राही. मध्येच बटवा मागायची. सुंदरबाई तो उशाशी धरायची आणि तिचा हात आत घालायची.

"काय शे सांग बरं?"

चिंधीची बोटं दाण्यांमधून फिरत, थांबत. "चिंचोका," ती म्हणे. असायची कवडी. सुंदरबाई म्हणे, "हा, चिंचोकाच शे." कवडीला चिंचोका, सरकीला मक्याचा दाणा, पोर म्हणेल ते खरं. शेवटी शेवटी ती काही म्हणत नव्हती, नुसता हात आत राही. असाच हात बटव्यात असताना, सकाळी, बाहेर गुरं सुटायच्या वेळेला ती गेली. बटव्यातून हात काढला तेव्हा मुठीत एक सागरगोटा होता. तो सुंदरबाईने काढून घेतला नाही.

निरोप गेला तसा जीवराम आला. या वेळी दारात आडवं कुणी नव्हतं. तो उंबऱ्यापाशी सवयीने थबकला, सुंदरबाईकडे पाहिलं, आणि आत आला.

"मीच ताप घरमा लई उनू," ती म्हणाली. "तुम्हले बाहेर उभं करं, आन मीच लई उनू."

"गप राय."

"वाटा पोचाडाले जाऊ नको म्हने कोनी माले सांगं असतं तर..."

"कोन सांगी? गप राय."

त्याने तिला दोष दिला असता तर तिला भांडायला तरी काही मिळालं असतं. त्याने पोर उचलली आणि पत्र्याची शिटी तिच्या कुडत्यात खोचली. गिरणेच्या वाळूत जागा शोधावी लागली, इतके नवे उंचवटे तिथे झाले होते.

कोजागिरी दोन-तीन दिवसांनी आली. देवी बसवली तर बुडवावी लागते. घरात पोर असो वा नसो. सुंदरबाई गुलाबाई आणि गुलोजी टोपलीत घेऊन नदीवर गेली. गिरणेला घोट्याएवढं पाणी. मूर्ती बुडेना, नुसती आडवी झाली. कापूस घातलेली माती. तडकत नाही तशी लवकर विरघळतही नाही. गुंजांचे लाल डोळे वर करून गुलाबाई पाण्यात पडून राहिली, आणि सुंदरबाईने शेवटी पाठ फिरवली. पलीकडे वाळू होती, तिकडे तिने पाहिलं नाही.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. जीवराम ओट्यावर बसला होता. दिवा कुणी लावला नव्हता. इतक्यात बेबाबाई आली. तापातून उठलेली, केस गेलेले, भिंतीला धरत धरत आली आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली. तिच्या हातात झाकणाचा डबा होता.

"चिंधीना वाटा लई उनू," ती म्हणाली.

 सुंदरबाईला वाटलं, ओरडावं, तुझ्याच घरातून मी मरण आणलं, तू रोज येत जा म्हणालीस, डबा घेऊन चालती हो. शब्द ओठांपर्यंत आले. पण बेबाबाई डबा पुढे धरून उभीच होती. वाटा पोचवल्याशिवाय ही बाई जाणार नव्हती. तिला दुसरं जायला ठिकाण नव्हतं. आपण तिच्या दाराशी गेलो तेव्हा ती तरी नाही कुठे म्हणाली होती?

सुंदरबाईने दोन्ही हातांनी डबा घेतला. बेबाबाई भिंतीला धरत परत गेली.

डबा घेऊन ती आत आली आणि गुलाबाईच्या रिकाम्या पाटापुढे बसली. जीवराम मागून आला. त्याने दिवा लावला, पाटाशेजारी ठेवला.

"उघड ना," तो हळूच म्हणाला. "प्रसाद शे. थोडा खाई ले."

सुंदरबाईने मान हलवली. "आधी नाव लेवा लागस."

"मंग ले."

तिने डबा एकदा हलवला. वास अजून येत नव्हता, पण कान शाबूत होते. आत फुटाणे होते. चिंधीने न हुंगताच सांगितले असते, आणि बेबाबाईने मीठ घालायला विसरल्याचंही सांगितलं असतं.

सुंदरबाईने नाव घेतलं नाही. डबा उचलून तिने चिंधीच्या बटव्याशेजारी कोनाड्यात ठेवला.